पायरीवरचा पाय

त्या वर्षी दर रविवारी मी मायला घेऊन नहरावर, म्हणजे धरणाच्या कालव्यावर, फिरायला जायचे. ‘फिरायला’ हा शब्द बाबांचा. आमच्या गावात तो कोणी वापरत नव्हतं. आमच्याकडे माणूस वावरात जातो, बाजारात जातो, जळणाला काड्या आणायला जातो, मयतीला जातो. उगाच पाय उचलून कुठेतरी जाऊन परत येणं हे शहरातल्या रिकाम्या लोकांचं काम. त्यामुळे सकाळी अकराच्या, बपेऱ्याला जाणाऱ्या गाडीसाठी आम्ही थांब्यावर उभ्या राहिलो की पारावरची मंडळी विचारायचीच, ‘कुठी चालल्या वो मायलेकी?’ मीच म्हणायचे, ‘फिराले.’ मग ती मंडळी एकमेकांकडे बघायची. शालूबाईला जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते, आणि मायचं डोकं ठिकाणावर नाही हे गावाने आपापसात ठरवून टाकलं होतं.

शालू माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरलीला बाई म्हणतात, म्हणून शालूबाई. तिला बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात दिलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला की तिला आणायचं ठरलं होतं. माय रोवण्याच्या बायांची म्होरकी होती. धानाचं रोप चिखलात रोवताना तिचा हात असा चालायचा की शेजारची बाई मागे पडून पडून रडकुंडीला यायची. वीस बायांना हाक घालून वावरात नेणारा तिचा आवाज अजूनही माझ्या कानात आहे, खणखणीत, थोडा फाटलेला. घरातही ती तशीच. चुलीवर वांग्यात सुके झिंगे टाकले की वास गल्लीभर आणि तिचं बोलणं त्याच्याही पुढे. बाबा तुमसरच्या राईस मिलमध्ये होते. मिलच्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते आणि म्हणून तेही ओरडूनच बोलायचे. आमचं घर म्हणजे बारमाही भांडण चालू आहे असं परक्याला वाटावं. शालूबाई गेली आणि ते घर एकदम मुकं झालं. बाबा तेवढे ओरडत राहिले, कारण त्यांना दुसरं येतच नव्हतं.

एका सकाळी बाबांना माय विहिरीच्या काठावर बसलेली दिसली, पाय आत सोडून. बादली नाही, दोर नाही. त्यांनी काही न बोलता तिला मागून धरलं आणि घरी आणलं. त्या दिवशी ते मिलमध्ये गेले नाहीत. तुमसरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मोकळ्या हवेत फिरवा. बाबांनी मायला विचारलं, ‘कुठी जाशीन?’ माय म्हणाली, ‘शालूकडं.’ शालूबाईला नहराच्या पाळीपलीकडे, काठाच्या बांधापलीकडे, पुरलं होतं. बाबांनी जरा विचार केला आणि मला बाजूला घेऊन, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, म्हणाले, ‘कल्पे, तूच घेऊन जात जाय. विहीर, बोडी, तलाव, कुठीच जाऊ देऊ नोको. नहराचं काई नाई. तो कोरडाच हाय.’

कोरडाच होता. धरण आमच्या जन्माआधीपासून होत होतं आणि आम्ही मोठ्या झालो तरी होतच होतं. नहर मात्र खोदून, कुठे कुठे दगड लावून तयार. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात गोंदिया अजून आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं आणि नहरात निळं पाणी होतं, दोन्ही खोटं. खरा नहर म्हणजे बोरीची झुडपं, पळसाची रोपटी, शेळ्यांच्या लेंड्या आणि पोरांचं क्रिकेट. बायका त्यात मोहफुलं वाळत घालायच्या. नहर फाट्यावर गाडीतून उतरलं की पाळीवरून तासभर चालायचं. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, दुसऱ्या अंगाला तो कोरडा खड्डा. माय पुढे, मी दहा पावलं मागे, हातात भाताचा डबा आणि अंबाडीची भाजी. आज तिथे बारमाही नाही तरी हंगामात पाणी असतं, आणि तुमसरची बरी माणसं पांढरे बूट घालून त्या पाळीवर खरोखरच फिरायला येतात. मागच्या वर्षी मी तिथे उतरले तेव्हा एक जण मला म्हणाला, ‘मॅडम, इथली हवा मस्त आहे.’ मी हो म्हटलं.

मी मायच्या मागे का चालायचे, हे आता सांगते. बरोबरीने चाललं तर ती बोलेल अशी भीती वाटायची. दिवसभरात ती एकच गोष्ट बोलायची, आणि ती मला ऐकवत नव्हती.

आमच्याकडे गाडी थांबवायची एक रीत होती. गाडी दिवसातून चार वेळा, थांब्यावर क्षणभर टेकायची. घरातलं कोणी मागे राहिलं असेल, कोणी लुगडं बदलत असेल, म्हातारं काठी टेकत येत असेल, तर एकाने पुढे पळायचं आणि दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभं राहायचं. आत चढायचं नाही, खाली उतरायचं नाही. पायरीवर पाय असेतो कंडक्टर घंटी मारत नाही. शिव्या देतो, घड्याळ दाखवतो, पण घंटी मारत नाही. लहानपणापासून आम्हा सगळ्यांना हे काम ठाऊक. माणूस येतो तोवर पाय काढायचा नाही, एवढीच अट.

शालूबाई गेली त्या दिवशी रोवणा भर जोरात होता. मीही मायबरोबर धानाच्या बांधीत होते, कारण कॉलेजला दांडी मारून रोवण्याला जायचंच असतं. मात्र तुमसरच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना मी सांगितलं होतं की आमचं स्वतःचं वावर आहे आणि मी चिखलात पाय घालत नाही. दुपारी दुकानदार, गावातला फोन त्याच्याकडेच असायचा, बांधावर येऊन ओरडला, ‘शालूच्या सासरचा फोन आला होता, पोरीले कळा सुरू झाल्या, मायले बोलावते.’ दिवस भरायला अजून अवकाश होता. मायने हातातली रोपं होती तेवढी रोवली. दोन ओळी राहिल्या होत्या, त्या तिने पुऱ्या केल्या. हात तसाच चालत होता, डोकं भलतीकडे. मग मला म्हणाली, ‘जाय, एकची गाडी येते. पाय ठेवून उभी राय. मी पाय धुतो अन् आलीच.’

मी पळाले. थांब्यावर पोचले तेव्हा गाडी वळणावर दिसत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काचा वर खोचून मारलेला, केसांतही चिखल. गाडी जवळ आली आणि खिडकीत मला माझ्या वर्गातल्या तिघी दिसल्या. कॉलेज सुटून घरी चालल्या होत्या. त्यांच्यापैकी एक हसत होती, कशाला ते देव जाणे. मी थांब्याच्या मागच्या आंब्याआड झाले. एवढंच. विचार केला असं म्हणणंही खोटं होईल. पाय आपोआप गेले. मनात होतं की गाडी थांबेल, माय तोवर येईल, आणि मी मागच्या मागे घरी जाईन. गाडी थांबली. कंडक्टरने डोकं बाहेर काढून पाहिलं. थांब्यावर कोणी नाही. दोन घंट्या झाल्या.

माय ओल्या पायांनी धावत आली. ‘गाडी?’

मी म्हटलं, ‘आज पहिलेच निंघून गेली. मी यायच्या पहिलेच.’

पुढची गाडी पाचची. गावातल्या दोन मोटरसायकली, दोन्ही बाहेर. माय थांबलीच नाही, डांबरी रस्त्याने चालत सुटली. पाचच्या गाडीने तिला वाटेत कुठेतरी उचललं. ती पोचली तेव्हा शालूबाईच्या अंगावर चादर ओढलेली होती. बाळ पोटातच गेलं. तिची सासू रडत रडत पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, ‘ट्रॅक्टर तयार ठेवला होता. पोरीची माय येईन, थे म्हणन तर तुमसरले नेऊ, म्हणून थांबलो.’ मी गेली कित्येक वर्षं बाळंतिणींच्या खोलीत नोकरी करते. दारात कोणाची तरी वाट पाहत उभ्या असलेल्या नातेवाइकांवर मी इतकी ओरडते की नव्या नर्सेस मला घाबरतात. त्यांना वाटतं माझा स्वभाव आहे.

तर नहराच्या पाळीवरून चालताना माय हेच बोलायची. शालूबाईच्या मातीजवळ बसली, वरचा पाला झटकला, एक पांढरा गोटा ठेवला की सुरू. ‘दोन ओळी सोडून उठली असतो तर सापडली असती गाडी.’ मग थोड्या वेळाने, ‘पन थे गाडी पहिले काहून आली असन?’ डबा तसाच. मी भात कालवून तिच्या पुढ्यात धरायचे. ती दोन घास खायची आणि पुन्हा म्हणायची, ‘दोनच ओळी होत्या.’ एका रविवारी तर तिने गाडीतच कंडक्टरला विचारलं. भला माणूस, आमच्या ओळखीचा. ‘भाऊ, एकची गाडी कधी येळेच्या पहिले येते का गा?’ तो हसला. ‘माय, आपली गाडी पहिले आली तं मी पेढे वाटीन. थे उशिराच येते.’ आजूबाजूची माणसं हसली. माय माझ्याकडे वळून म्हणाली, ‘पाह्य वो, माह्याच नशिबात तेवढ्या दिवशी पहिले आली.’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. दर रविवारी घरून निघताना ठरवायचे, आज सांगायचं. फाट्यावर उतरल्यावर ठरवायचे, परतताना सांगू. आणि परतताना ती इतकी थकलेली असायची की आता कशाला, असं म्हणून मी स्वतःलाच सोडून द्यायचे. ती झिजत चालली होती. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. आणि जिच्यामुळे ती झिजत होती ती तिला भात भरवत होती.

पळस फुलले होते त्या रविवारी. ऊन चटकत होतं म्हणून माय पाळीवरून न जाता खाली नहरातूनच चालू लागली, दगड लावलेल्या उतरत्या भिंतीची सावली धरून. मी वर. शालूबाईची जागा जवळ आली तेव्हा समोरून एक शेळ्या राखणारा म्हातारा हातवारे करत आला, ‘पाणी सोडलं वो! धरणाचं पाणी येऊन राहिलं!’ त्याच्या मागे गावातली माणसं, पोरं, एका बाईच्या हातात तर नारळ. कोणाला खरं वाटत नव्हतं. आणि मग ते दिसलं. पाणी असं धो धो नाही आलं. माणसाच्या चालीने आलं. सगळ्यात पुढे सुकलेला पाला, लेंड्या, पळसाची फुलं आणि फेस यांचा एक पट्टा सरकत होता, आणि त्याच्या मागे मातकट पाणी, चर्र असा आवाज करत, कोरडी माती पीत पीत. पोरं त्याच्या पुढे उलट्या पावलांनी नाचत येत होती. वर येऊन माणसं ‘आलं रे आलं’ ओरडत होती. इतकी वर्षं वाट पाहिलेलं पाणी ते.

मी ओरडले, ‘माय, वर ये!’ तिने पाण्याकडे पाहिलं, आणि ती नहराच्या मधोमध बसली. मांडी घालून. बाजारात भाजी घेऊन बसतात तशी.

मी घसरत खाली उतरले. पाल्याचा पट्टा तिच्या मांडीला लागला, दोन बाजूंनी पुढे गेला. मी तिचा दंड धरून ओढलं. सुकली होती तरी ती रोवण्यातली बाई, तसूभरही हलली नाही. ‘माय, ऊठ वो.’

‘तू जाय वरतं.’

‘मी एकटी नाई जात.’

‘बाबाले सांगजो, भात झाकून ठेवला हाय.’ हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. पाणी तिच्या कमरेला लागलं. पुढचा पट्टा हळू होता, पण मागून पाणी वाढतच होतं आणि पायाखालचे दगड बुळबुळीत होऊ लागले होते. वरच्या लोकांना वाटत होतं बाई पाण्याची पूजा करते आहे. एकाने हात जोडले. मी तिच्या काखेत हात घातले, तिच्या पाया पडले, तिला शिव्या दिल्या, बाबांची, शालूबाईची शपथ घातली. ती माझ्या अंगावरून पलीकडे बघत होती. ‘दोनच ओळी होत्या,’ ती म्हणाली.

तेव्हा मी म्हटलं, ‘माय, गाडी येळेवरच आली होती. मी तठीच होती. मी पाय नाई ठेवला.’

तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे. ‘काहून?’

‘अंगाले चिखल होता. गाडीत कॉलेजच्या पोरी होत्या.’

पाणी आमच्या दोघींमधून जात होतं. ती उठली. मी हात पुढे केला तो तिने झिडकारला, दगडांना धरून स्वतःच वर चढली, आणि मी मागून वर येताच ओल्या हाताने माझ्या कानशिलात अशी दिली की मी पाळीवर आडवी झाले. लोक धावले. ‘काय झालं वो, काय झालं?’ माय त्यांच्यातून वाट काढून निघाली. त्या दिवशी तिने शालूबाईच्या मातीवर गोटा ठेवला नाही. तासभराची वाट ती ताडताड चालली, मी मागे, आणि चारच्या गाडीत माझ्या शेजारची रिकामी सीट सोडून ती पुढे एका परक्या बाईशेजारी जाऊन बसली.

आणि माय जगली. हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी तिने चूल पेटवून झिंगे-वांगे केलं. आठ दिवसांत तिचा आवाज परत आला. ती शेजारणीशी भांडली, दुकानदाराला झापलं, वावरात जाऊ लागली. तिला रागाने उभं केलं होतं. बाबा खुशीत सगळ्यांना ओरडून सांगायचे, ‘डॉक्टर बरोबर बोलला होता. नहराची हवा लागली!’ मी त्यांच्यासमोर ताट वाढत असायचे. मायने त्यांना कधीच सांगितलं नाही, मरेपर्यंत. पण माझ्याशी ती बोलायची थांबली. ‘तिले सांगा, भात झाला.’ ‘तिले विचारा, कॉलेजात जाते का नाई.’ एका खोलीचं घर, आणि मी ‘ती’. रविवारी ती एकटीच जायची. मी थांब्यापर्यंत मागे गेले तर वळून बघायची, मी तिथेच उभी राहायचे. पुढच्या रोवण्यात मी तिच्या शेजारच्या ओळीला वाकले, तर तिने हाक मारून दुसऱ्या बाईला आमच्या मध्ये घातलं. मी चिखलात तोंड खाली घालून रोपं रोवत राहिले. मरावंसं वाटायचं, आणि तेही करता येत नव्हतं, कारण एक पोरगी तिची गेलेलीच होती.

आज माझं वय तेव्हाच्या मायचं आहे. मलाही मुलगी आहे. कधीतरी तिच्याकडे बघत असताना मी स्वतःला विचारते, मला जमलं असतं का माफ करणं? मला नाही वाटत.

त्या दुसऱ्या वर्षीच्या रोवण्यातच मला भंडाऱ्याला नर्सिंगला जागा मिळाल्याचं पत्र आलं. सकाळच्या भंडारा गाडीने निघायचं होतं. बाबा आदल्या दिवशीच निरोपाचं काय ते ओरडून झाले होते. सकाळी त्यांची मिलची पाळी होती. माय उजाडायच्या आत वावरात निघून गेली, माझ्याकडे न बघता. मी एकटीने पत्र्याची पेटी उचलली. पुस्तकांनी ती इतकी जड झाली होती की वीस पावलांवर टेकावी लागत होती. शाळेजवळ पोचले तोच गाडीचा हॉर्न ऐकू आला. थांबा अजून बराच पुढे. मी पेटी ओढत पळायला लागले, कडी हातात रुतत होती, आणि मला पक्कं कळलं की ही गाडी चुकणार, आणि हेच बरोबर आहे.

वळण घेऊन रस्त्यावर आले तर गाडी उभी होती. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, ‘मावशे, येत असशीन तं वर चढ, नाई तं पाय काढ!’ त्याच्यासमोर माय. लुगड्याचा काचा मारलेला, मांड्यांपर्यंत चिखल, हातात रोपांची अर्धी जुडी तशीच. एक पाय रस्त्यावर, एक पाय पायरीवर. गाडीत कॉलेजच्या पोरी होत्या, नीट वेण्या घातलेल्या, आणि त्या तिच्याकडे बघत होत्या.

‘माही पोरगी येऊन राहिली,’ माय म्हणाली. पाय काढला नाही.

मी पोचले. पेटी आत ढकलली, तिच्या अंगाला घासून वर चढले. तिच्या अंगाला चिखलाचा आणि रोपांचा वास येत होता. मी ‘माय’ म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही पाय आत गेलेत का, तेवढं तिने पाहिलं. मग तिने आपला पाय खाली घेतला आणि कंडक्टरला म्हणाली, ‘आता जाऊ दे.’